व्हरांड्यातून चौदा

२ मे

“दिसतं ते लिही, पण कुठून दिसलं तेही लिही.” बाबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पर्जन्यमापकात एक मुंगी तरंगत होती आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे होतं. बाबांनी मुंगी काडीने उचलून गवतावर सोडली, पाणी मोजलं आणि वहीत आकड्यापुढे ‘मुंगीसह’ असं लिहिलं. मला वाटलं, गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते.

आज माळ्यावर ऑफिसची एक कोरी नोंदवही सापडली. रकाने छापलेले आहेत: कोरडा, ओला, कमाल, किमान, वारा, ढग, बर्फ, शेरा. रकान्यांना न जुमानता मी आडवी लिहिते आहे. ऑफिसच्या वहीत जे बसत नाही ते इथे.

बाबांच्या मागे या डोंगरातली वेधशाळा मी सांभाळते. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला पांढऱ्या झडपांच्या पेटीतले तापमापक वाचायचे, वारा बघायचा, ढग बघायचे, आणि मग व्हरांड्यात उभं राहून दुर्बिणीने समोरच्या घळीतला खांब वाचायचा. खांबावर वीतवीत उंचीचे लाल-पांढरे पट्टे आहेत, प्रत्येक पट्ट्यावर आकडा. बर्फाच्या लगेच वर जो आकडा दिसतो, तेवढा बर्फ. आज चोवीस.

त्या बर्फाखाली माझा धाकटा भाऊ आहे. अकरा मार्चला वरचा बर्फाचा कडा सुटला तेव्हापासून.

लिहून झालं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान वाक्य झालं.

शोधपथक चार दिवस खणत होतं, मग थांबलं. पथकाच्या प्रमुखांना सगळं गाव मुकादम म्हणतं. त्यांनी मला आणि वहिनीला, धाकट्याच्या बायकोला, समोर बसवून सांगितलं, “ढीग दहापर्यंत उतरला की बर्फात खुपसून चाचपायच्या आमच्या सळया तळाला पोचतात. दहा झाले की कळवा, आम्ही त्याच दिवशी निघतो. पण पाचाच्या खाली जाऊ देऊ नका. खालून नाला वाहतो. पाचाच्या खाली गेलं की तो वरचं बर्फाचं छत फोडतो. मग त्याच्या पोटातलं काही आपलं राहत नाही.”

जुना खांब कड्याबरोबर गेला होता. जाताना त्यांनी ढिगात हा नवा रोवला. आकडे वहिनीने रंगवले. पथक आता खिंडीपलीकडे रस्ता मोकळा करतंय. घळ गावातून दिसत नाही, फक्त या व्हरांड्यातून दिसते. दहा झाले हे सांगणारी मी एकटी.

५ मे

किमान उणे एक, कमाल अकरा. वारा दक्षिणेचा. छपरावरून दिवसभर ठिबकतंय, आणि अंगणातल्या पायवाटेचा पहिला दगड उघडा पडला. दर वर्षी हा दगड दिसला की धाकटा त्याच्यावर बसून बूट काढायचा आणि मोजे वाळत घालायचा. याला तो उन्हाळ्याचं उद्घाटन म्हणायचा. वास पार बाजारापर्यंत जात असेल.

खांब एकवीस.

संध्याकाळी सहाला वहिनीचा फोन येतो. बाजारात तिचं तंबू आणि पाठपिशव्या दुरुस्त करायचं दुकान आहे. गिर्यारोहक यायला लागले की तिला मान वर करायला फुरसत नसते. फोनवर मागे शिलाई यंत्र ऐकू येतं.

“किती?”

“एकवीस.”

“कालच्यापेक्षा एकानं कमी.”

“हो.”

“बरं.” आणि यंत्र पुन्हा सुरू.

पूर्वी आम्ही दोघी तासतासभर धाकट्याची टिंगल करायचो. तो मधे बसून ऐकायचा आणि म्हणायचा, “माझ्यावाचून तुमचं पान हलणार नाही.”

८ मे

पाव आणि साबण आणायला खाली गेले होते. वहिनीच्या दुकानात टेबलावर तंबूचं जाड राखाडी कापड पसरलेलं. दोन्ही कडांना दुहेरी शिवण, उचलायला सहा पट्टे, आणि मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत चेन.

“एवढी मोठी पिशवी कोणाची?” विचारलं, आणि विचारता विचारताच कळलं.

वहिनीने ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. “लांबी त्याच्या झोपायच्या पिशवीवरून घेतली. चार बोटं जास्त धरलीत. पायात बूट असणार ना.”

“आत्ताच कशाला, वहिनी?”

“मग कधी? पथकाकडच्या प्लॅस्टिकच्या असतात. त्याला प्लॅस्टिकमध्ये घाम येतो, ताई.”

मी साबण न घेताच चढून आले. रस्ताभर तिचा राग येत होता. इतकी कसली घाई! मापंबिपं घेऊन बसली आहे. जरा दम नाही माणसाला.

खांब वीस.

११ मे

काल दुपारपासून आज सकाळपर्यंत बर्फ पडला. भुरभुर नाही, चांगला घसघशीत. अंगणातला दगड पुन्हा नाहीसा झाला. खांब वीसवरून बावीसवर.

मला बरं वाटलं. का, ते विचारायला इथे कोणी नाही.

वहिनीने फोनवर आकडा दोनदा विचारला. मग म्हणाली, “मे महिन्यात?”

“डोंगर आहे,” मी म्हटलं. जसं काही मीच पाडला.

१६ मे

नवा बर्फ आला तसा गेला. आज कमाल सोळा. पेटीच्या पायाशी पिवळी फुलं वर आली आहेत, टाचणीच्या टोकाएवढी. सकाळी ओल्या तापमापकाची चिंधी बदलताना एक मधमाशी माझ्या बाहीवर येऊन बसली आणि दमल्यासारखी बसूनच राहिली.

खांब सतरा.

नियमांच्या पुस्तकात बाबांच्या अक्षरात समासात लिहिलेलं आहे: ‘थंडीत व्हरांड्यातून, उन्हाळ्यात पायाने.’ वितळायला लागलेला बर्फ सगळीकडे सारखा उतरत नाही, म्हणून या दिवसांत खांबाच्या मुळाशी उभं राहून आकडा वाचायचा असतो. पाऊण तासाची वाट आहे. दर उन्हाळ्यात धाकटाच जायचा. “वेधशाळेला पाय नसतात, म्हणून तिला भाऊ दिलाय,” म्हणायचा. मला तो वेधशाळाच म्हणायचा. “वेधशाळा, त्या दुर्बिणीतून एखादं चांगलं स्थळ दिसलं का गं कधी?” सेहेचाळीस वर्षांच्या बहिणीला.

माझा उजवा गुडघा दुखतो आहे. परवा पायरीवरून उतरताना मुरगळला असावा. आज शेऱ्याच्या रकान्यात ‘व्हरांड्यातून’ असं स्वच्छ लिहिलं. गुडघा बरा झाला की जाईन.

१९ मे

खांब चौदा. कमाल अठरा.

घळ अगदी स्पष्ट दिसते आहे. खांबाच्या अलीकडे माती-दगडांनी काळवंडलेला एक उंचवटा आहे. मातीखालचा बर्फ वितळायचं नाव घेत नाही. बाकीचा ढीग कसाही असो, तो कासवाच्या पाठीसारखा आहे तिथेच. सकाळी उठल्यावर आधी त्याच्याकडे बघते. त्याचं बरं वाटतं.

२० मे

चौदा.

२१ मे

चौदा. वहिनीला सांगितलं, तर म्हणाली, “तिथंच अडलंय का?” मी म्हटलं, “बर्फाचं काय सांगावं.”

२३ मे

ऑफिसातून आकडे उतरवून घेणाऱ्याचा फोन. वीस वर्षं रोज आवाज ऐकते, माणूस कधी पाहिलेला नाही.

“बाई, कमाल वीस, किमान सात, आणि बर्फ पाच दिवस चौदा? उन्हाळा आल्याचं त्याला कोणी कळवलं नाही वाटतं!”

“घळ सावलीत आहे.”

“गेल्या वर्षीही सावलीतच असेल की. थांबा, पान काढतो... हे बघा, याच आठवड्यात रोज एकेक पट्टा उतरलाय.”

“गेल्या वर्षी साधा बर्फ होता. हा कोसळलेला ढीग आहे. तो घट्ट असतो.”

“तुम्ही म्हणाल तसं. मी काय, उतरवून घेणारा.”

फोन जोरात ठेवला. मी तीस वर्षांत एक आकडा मनाने घातलेला नाही. ताप असताना घोंगडी पांघरून पेटीशी गेले आहे. चौदा दिसतंय म्हणून चौदा सांगते. मला जे दिसतं त्यात माझा काय दोष?

शेऱ्याच्या रकान्यात रोज रोज तेच काय लिहायचं, म्हणून आज ‘व्हरांड्यातून’ लिहिलं नाही.

२५ मे

मुकादम आले होते. यंत्राचा कसलासा भाग न्यायला खाली उतरले होते, जाता जाता वर डोकावले. व्हरांड्याच्या पायरीवरच बसले, बूट चिखलाचे आहेत म्हणून आत आले नाहीत. मी चहा दिला.

“अजून चौदा म्हणजे नवलच,” म्हणाले. “खिंडीत आम्हाला रस्त्याकडेला गवत दिसायला लागलं. खांबाशी जाऊन बघता ना?”

“हो,” मी म्हटलं.

हे अगदीच खोटं नाही. चार वर्षांपूर्वी धाकट्याला ताप आला होता, तेव्हा मी खांबाशी जाऊन आकडा वाचला आहे.

त्यांनी कप बागेच्या नळावर विसळून पालथा घातला. निघताना म्हणाले, “तुमच्या बाबांचा आकडा आम्ही कधी दुसऱ्यांदा तपासला नाही. तुमचाही नाही.”

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. परत येताना लक्षात आलं, की मी अजिबात लंगडत नव्हते.

२८ मे

आज फोन आला नाही. वहिनी स्वतः आली. दुकान अर्ध्या दिवसाने बंद करून, ऐन कामाच्या दिवसांत. पिशवीतून एक रुंद लवचिक पट्टा काढून म्हणाली, “गुडघ्यासाठी. आतून मऊ कापड लावलंय, काचणार नाही.” खाली बसून तिनेच तो माझ्या गुडघ्याला बसवला. तिच्या भांगात किती केस पांढरे झाले आहेत.

मग तिने दुर्बीण मागितली. अकरा मार्चनंतर तिने घळीकडे पाहिलंच नव्हतं. बराच वेळ लागला तिला, खांब सापडेना. मी मागून तिचे खांदे धरून तिला वळवलं.

“दिसलं. चौदा.” मग थोड्या वेळाने, “चाराची शेपटी वाकडी झालीये. घाईत रंगवले मी.”

“छान आहेत आकडे.”

“ताई, मला त्याला घरी आणायचंय. एवढंच. मग रडेन. अजून रडलेच नाहीये नीट, आधी कामं संपू देत म्हणून.” दुर्बीण डोळ्यांवरच होती. “त्या खांबापर्यंत जाऊन यायचं का आपण? मी येते बरोबर. हळूहळू जाऊ, बसत बसत.”

मी गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे बघितलं. “गुडघा, वहिनी.”

“हो, खरंच की.” तिने दुर्बीण पुसून खोक्यात ठेवली, खोक्याची कडी लावली. “पट्टा रात्री काढून ठेवा. सारखा घालू नका.”

ती गेल्यावर तिच्या कपात निम्मा चहा तसाच होता.

३० मे

दिवसभर उबदार पाऊस. सोळा मिलिमीटर. किमान अकरा, म्हणजे रात्रीसुद्धा बर्फाला विसावा नाही. धुक्यात खांब दिसत नव्हता. दुपारी चार वाजता पाच मिनिटं मोकळं झालं. चौदा. खांब जरा कललेला वाटला.

पाऊस थांबल्यावर एक आवाज येत राहिला. आधी मला वाटलं पन्हळ वाहते आहे, म्हणून बाहेर जाऊन पन्हळीखाली हात धरला. पन्हळ कोरडी होती. आवाज घळीतून येत होता.

खिडक्या लावून घेतल्या. गार वारा सुटला होता.

३१ मे

वहिनी दुपारी एकच्या सुमारास आली. बाजाराच्या वाटेने नाही, घळीच्या बाजूने. गुडघ्यापर्यंत भिजलेली, तळहात खरचटलेले.

“तीन,” म्हणाली.

मला समजलं नाही असं मी दाखवलं. “काय तीन?”

“खांब. तीन आहे.”

“चौदा दिसतंय, वहिनी. आत्ता सकाळी पाहिलं. हे घे, तूच बघ.” मी दुर्बीण पुढे केली.

तिने ती घेतली नाही. “मी खांबाला हात लावून आले, ताई. अलीकडच्या त्या मातीच्या ढिगानं चौदाच्या खालचं सगळं झाकून ठेवलंय. त्याच्या मागे बर्फ बसलाय. तीन. आणि शेजारी भोक पडलंय, त्यातून पाणी दिसतं.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही गेला होतात ना? मुकादमांना सांगितलंत, जाऊन बघते म्हणून.”

माझ्या गुडघ्यावर तिचा पट्टा होता. मी त्याची कड दुमडत राहिले.

“ताई?”

काहीतरी बोलायला हवं होतं. निदान खोटं तरी.

वहिनी बुटांसकट आत गेली आणि तिने माझ्याच फोनवरून मुकादमांना फोन लावला. आवाज शांत होता, गिऱ्हाइकाला सांगतात तसा. “बाईंचा आकडा चुकलाय,” म्हणाली. “तीन आहे. आजच्या आज या.”

‘ताई’ म्हणाली नाही.

२ जून

काल उजाडल्यापासून ते आज दुपारपर्यंत बारा माणसं घळीत होती. मी व्हरांड्यातून बघत होते. मला खाली बोलावलं नाही आणि मी गेले नाही. आज तीन वाजता मुकादम एकटे वर आले. आज ते पायरीवरही बसले नाहीत.

लाकडी हातोडा सापडला. एक हातमोजा सापडला, डाव्या हाताचा. जिथे ते मिळालं तिथून पुढे नाल्याने छत फोडलं आहे. खालचं सगळं पोकळ. तीस तारखेच्या पावसाने जे होतं ते पाण्याबरोबर कपारीत गेलं, आणि कपारीतून खाली तळ्यात. तळं किती खोल आहे ते कोणी मोजलेलं नाही.

“इथेच होता,” मुकादम म्हणाले. “हातमोजा बर्फात रुतलेला होता, हाताचा आकार तसाच. आठ दिवसांपूर्वी इथे छत होतं.” एवढं बोलून ते आपल्याच हातांकडे बघत राहिले. मी वाट बघत होते की ते पुढचं बोलतील. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “येतो, बाई.”

वहिनी घळीच्या तोंडाशी दगडावर बसली होती. दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होती. मांडीवर ती राखाडी पिशवी, चौकोनी घडी घातलेली. तिच्यावर हातमोजा. दुसरं कोणी शेजारी येऊन बसलं की ती सरकून जागा देत होती, पण पिशवी कोणाला धरू देत नव्हती.

४ जून

हातोडा का होता ते मला माहीत आहे. मी ते अजून कुठेच लिहिलेलं नाही.

नऊ आणि दहा मार्चला वादळ होतं. जुन्या खांबावर बर्फाचा जाड थर चढला आणि आकडे दिसेनात. दोन दिवस रकाना रिकामा राहिला. अकराला सकाळी आकाश निवळलं, तरी आकडा दिसेना. धाकटा इथे चहा घेत बसला होता. मी तिसऱ्यांदा दुर्बीण उचलली आणि म्हटलं, “आज तिसरा दिवस रिकामा जाणार.”

तो म्हणाला, “गेला तर गेला. ऑफिस काय उपाशी राहणार आहे?”

“बाबांच्या वहीत एकही रकाना रिकामा नाही.”

त्याने चहा संपवला. खुंटीवरचा लाकडी हातोडा काढला. “रडू नकोस, वेधशाळा. थर ठोकून पाडतो आणि येतो. जेवायला काय आहे?”

मी त्याला जा म्हटलं नाही. नको जाऊ असंही म्हटलं नाही. साडेअकरा वाजता खांबाशी तो दिसला. त्याने हातोडा डोक्यावर धरून मला हलवून दाखवला, कारण मी बघत असणार हे त्याला माहीत होतं. आणि मी बघत होते.

खांबापर्यंतची वाट त्या ढिगावरूनच जाते. दुसरी नाही. म्हणजे मला त्याच्यावर पाय देऊन जावं लागलं असतं. हे मी कोणाला सांगितलं असतं, तर कोणीतरी माझ्याऐवजी गेलं असतं. वहिनीसुद्धा. मी गुडघा सांगितला.

आणि नुसतं तेवढंही नाही. चौदा म्हटलं की तो अजून तिथेच असायचा, माझ्या समोर, सकाळ-संध्याकाळ. दहा म्हटलं की त्याला आणायला माणसं येणार होती. मी आकडा खोटा लिहिला नाही. जिथून चौदाच दिसेल तिथे फक्त उभी राहिले.

आज ऑफिसची वही घेऊन बसले. वीस मेपासून एकतीस मेपर्यंतचे आकडे एका रेघेने खोडले, खालचं वाचता येईल असे, नियमाप्रमाणे. जिथे शेरा लिहिला नव्हता तिथे लिहिला: ‘व्हरांड्यातून.’ त्याखाली: ‘उंचवट्याने खांब झाकलेला. निरीक्षक खांबाशी गेली नाही.’ ऑफिसला तसंच पत्र लिहिलं. उतरवून घेणाऱ्याला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “बाई, आजचं कमाल सांगा.” मी एकवीस सांगितलं. त्याने उतरवून घेतलं.

हे काम माझ्याकडे राहील असं वाटत नाही. त्याचं काही नाही.

५ जून

वहिनीला फोन केला. यंत्राचा आवाज आला, मग यंत्र थांबलं, मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी सहा वाजता मात्र मी फोनजवळ बसून होते. सवय.

७ जून

आज पायाने गेले.

पट्टा घातला होता. पाऊण तासाची वाट मला दीड तास लागली, पण गुडघ्यामुळे नाही. ढीग असा उरलेलाच नाही. कासवाच्या पाठीचा तो उंचवटा तेवढा आहे, मातीने माखलेला, हात लावला तर अजूनही थंडगार. त्याच्या मागे ओले दगड आणि नाला. खांब आडवा पडला होता. चिखलातून ओढून काढला आणि आकडे माझ्या ओढणीने पुसले. एकपासून तीसपर्यंत सगळे. चाराची शेपटी खरंच वाकडी आहे.

दगडांच्या फटीत तीच पिवळी फुलं आली आहेत. ऊन होतं, वारा जवळजवळ नव्हता, पाण्याच्या आवाजापुढे दुसरं काही ऐकू येत नव्हतं. फार सुंदर दिवस होता. हवामानाला लाज नसते.

मागे वळून पाहिलं तर आमचा व्हरांडा दिसला. इवलासा. तिथे कोणी उभं असलं तर इथून नुसता ठिपका दिसेल. अकरा मार्चला त्याला मी दिसले नसणार. तरी त्याने हातोडा हलवला.

वहीत लिहिलं: शून्य. शेरा: खांबाशी उभं राहून.

८ जून

पाववाल्याकडून कळलं, की वहिनी रोज सकाळी सहाला निघते आणि नाल्याच्या काठाने तळ्यापर्यंत चालत जाते. दुकान उघडायच्या आत परत येते. पाठपिशवीत ती राखाडी पिशवी असते. एकटी जाते. मुकादमांनी माणूस देऊ केला, तर म्हणाली, मोजणारे पुष्कळ झाले.

बाकी बाजार भरात आहे. दोऱ्या, बूट, रंगीत तंबू. तिच्या दाराशी फाटक्या पाठपिशव्यांची रांग लागली आहे. मी समोरच्या बाजूने गेले. तिने मान वर केली नाही. चेन बसवत होती, दोरा दातांनी तोडला, दुसरी घेतली.

नाल्याला दोन काठ आहेत. ती डाव्याने जाते. उजव्या काठाकडे कोणी बघत नाही.

उद्या पहाटे उतरून मी तिच्या पायरीवर बसणार आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. बुटाची नाडी आवळत, माझ्याकडे न बघता म्हणेल, “तुमचा गुडघा दुखतो ना, बाई.” आणि त्यावर मला बोलायला काही नसेल. म्हणून काय म्हणायचं ते आज इथे लिहून ठेवते, ती निघून जायच्या आत तेवढं तरी तोंडातून बाहेर पडावं.

वहिनी, मला बरोबर घे. पलीकडच्या काठाने चालेन, तुझ्याशी बोलणार नाही, तू थांबलीस तर थांबेन. पिशवी तुझ्याकडेच राहू दे. मला फक्त येऊ दे.